दहा रुपयांचा कप

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पंखा कुरकुरत होता,
पडद्यावर नाण्यांच्या ढिगात उगवलेलं रोपटं.
मी केटली घेऊन दाराशी उभी.
नागपूरचे तन्मय सर सांगून राहिले होते,
रोजचा एक चहा सोडा, फक्त एक.
दहा रुपये रोज, तीनशे महिना,
तीस वर्षं हात लावू नका,
साडेदहा लाख.

सभागृह म्हणालं, बाप्पा!
मीही म्हणाले.
मग ध्यानात आलं,
सगळे माझ्याकडेच पाहून राहिले.

चाळीस खुर्च्या, चाळीस कप.
साऱ्यांनी मनावर घेतलं
तर गावात चार कोटी येतील
आणि माझी शेगडी उद्या सकाळीच विझेल.
सरांनी पहिला घोट घेतला,
आलं टाकलं का, विचारलं.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, म्हणाले,
अडीनडीला.
ठेवला होता ना, सर.
दोन हजार फुलवंताच्या बाळंतपणात साकोलीला गेले,
पाचशे नेवाऱ्याच्या जाळ्यात आहेत,
तो बुधवारी तलावातली मासोळी आणून टाकतो,
त्याला कोणी व्याज म्हणत नाही.
माझी पुंजी गावभर हिंडते,
रस्त्यात भेटली की हसते,
चहा मांड म्हणते.
तिला पासबुकात कशी बसवू?

सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका.
आता हे मात्र माझ्या घरचं.
खुडूक कोंबडी एकाच टोपलीवर बसते, सर.
अकरा अंडी चार टोपल्यांत वाटली
तर तीन टोपल्या नासतात.
तुम्ही अंडी विकणाऱ्याचं सांगता
का उबवणारीचं?
विचारणार होते.
साखर संपली होती, घरी पळाले.

परत आले तर फळ्यावर लिहिलेलं,
पैसा पैशाला जन्म देतो.
शेळीही देते.
एकीच्या तीन, तिघींच्या आठ,
चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने मांडला होता मी हिशेब.
श्रावणात नाकं वाहू लागली त्यांची,
डॉक्टर सोमवारी येतो म्हणाला,
रविवारपर्यंत पाच गेल्या.
भिंतीवरचा आठ पुसला नाही अजून.
सरांच्या पडद्यावरची रेघ
चढतच होती,
एकदाही खोकली नाही.

खोटं काऊन बोलू,
मी काही शहाणी नाही.
पाच वर्षांत दुप्पट म्हणणाऱ्या त्या कंपनीत
अठरा हजार मीच नेऊन भरले,
हिरकन्यालाही भरायला लावले.
पावतीवर लक्ष्मी होती, रंगीत.
भंडाऱ्याला त्या ऑफिसात आता मोबाईलचे कव्हर मिळतात.
हिरकन्या अजून चहाला येते,
दहा रुपये मोजून टेकवते,
उधार ठेवत नाही,
बोलत नाही.
तेव्हा सर बोलत होते
आणि मागच्या रांगेतली पोरं हसत होती,
मला हसू आलं नाही.

सह्या झाल्या, फोटो झाला.
चाळीस कपांचे चारशे.
सचिव म्हणाले, निधी आला की देतो.
घ्या, माझीही गुंतवणूक झाली,
सारी जोखीम माझी.

गाडीत बसताना विचारलंच मी,
तुम्ही सोडला का, सर, चहा?
थांबला जरासा. पोट्टा चांगला होता.
मावशी, हप्तेच एवढे आहेत, म्हणाला,
सोडायला उरलंय काय?
आणि अजून एक कप घेतला,
उभ्याउभ्या, एक्केचाळिसावा,
त्याचे दहा स्वतःच्या खिशातून दिले.

ती नोट मी डब्यात वेगळी ठेवली होती.
वाढते का, बघू म्हटलं.
दिवाळीनंतरच्या मंडईत, नाटकाच्या रात्री,
तिसरा अंक सुरू व्हायचा होता,
थंडीनं सारं गाव शेगडीशी दाटलेलं,
सुटे संपले,
तेव्हा कोणाला तरी परत दिली.